मुलांच्या चित्रांनाही आवक क्रमांक द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत वर्षभर कोठे ना कोठे शालेय विद्यार्थ्यांच्या सामाजिक विषयांवरील चित्रांची स्पर्धा किंवा प्रदर्शन भरत असते. २२ मार्चचा जागतिक जलदिन, ५ जूनचा पर्यावरण दिन, रस्ता सुरक्षा सप्ताह, स्वच्छता पंधरवडा, बालदिन अशी निमित्ते पुष्कळ आहेत. मी ठाण्यातील माध्यमिक शाळांमध्ये ३१ वर्षे चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जात आले आहे. या काळात मुलांच्या हातून उतरलेली हजारो प्रबोधनचित्रे मी पाहिली. त्यांच्याविषयी, आणि त्याहून अधिक त्यांच्याकडे पाहणाऱ्या आपणा मोठ्यांविषयी, काही सांगावे असे बरेच दिवस मनात होते. पत्र नेहमीपेक्षा लांब आहे. तरी ते आपल्या दैनिकात छापावे, ही विनंती.

कोणत्याही स्पर्धेच्या दालनात शिरले की ठरावीक चित्रे समोर येतात. पृथ्वीच्या गोलाला डोळे काढलेले असतात आणि त्यांतून अश्रू ओघळत असतात. नळाच्या तोंडाशी एक थेंब लटकलेला असतो आणि त्या थेंबात पुन्हा पृथ्वी असते. एकच झाड अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले असते. दोन तळहातांच्या ओंजळीत रोपटे उगवलेले असते. तराजूच्या एका पारड्यात मुलगी आणि दुसऱ्यात पुस्तक असते. शंभरातील सत्तर-ऐंशी चित्रे या चार-पाच कल्पनांची असतात, कारण ती सारी मोबाइलच्या पडद्यावर शोधून, पाहून आणि उतरवून काढलेली असतात. रंगकाम बहुधा स्वच्छ असते, अक्षरे नीट आखलेली असतात, मुलांनी मेहनतही घेतलेली असते. परंतु ते चित्र ठाण्यातल्या मुलाने काढले की आणखी कोणत्या गावच्या मुलाने, हे त्यावरून सांगता येत नाही.

याचा दोष मी मुलांना देत नाही. विषय शाळेत सोमवारी कळतो आणि चित्र बुधवारी द्यायचे असते, किंवा सभागृहात जमिनीवर बसवून दोन तासांत पूर्ण करून घेतले जाते. अनेक शाळांत आता पूर्णवेळ कलाशिक्षकच नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टाने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असे सांगितले आहे. प्रत्यक्षात स्पर्धेचे पत्रक आले की विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांवर चित्रे गोळा करण्याचे काम येते, आणि तेही बिचारे आपले वर्ग सांभाळून ते करतात. अशा घाईत मुलाने मोबाइल उघडला, तर त्याला दुसरा मार्ग तरी कोणता होता?

मला अधिक खटकते ती या चित्रांवरची भाषा. घोषवाक्यांतील क्रियापदे पाहावीत : पाणी वाचवा, झाडे लावा, मुलगी शिकवा, कचरा टाकू नका, हेल्मेट घाला. सगळी आज्ञार्थी आहेत. आज्ञा देणारे मूल बारा-तेरा वर्षांचे आणि ती पाळायची आहे चित्रासमोरून जाणाऱ्या सर्वसामान्य माणसाने. एखाद्या प्रश्नाला कारण असते, त्या कारणामागे एखादा निर्णय, एखादी दिरंगाई किंवा एखादी अपुरी व्यवस्था असते, हे या भाषेत मांडण्याची सोयच नाही. प्रत्येक सामाजिक प्रश्न हा कोणाच्या तरी वाईट सवयीमुळे निर्माण होतो आणि ती सवय सुटली की प्रश्न सुटतो, असा समज त्यातून मुलांच्या मनात पक्का होतो. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण जे शिकवतो, त्याच्या हे नेमके उलट आहे.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. विषय अर्थातच ‘पाणी’ हा होता. आठवीतील एका मुलीने अंधारात चढत जाणारा एक अरुंद जिना काढला होता. पायऱ्यांवर एकामागे एक हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे आणि एक निळे पिंप मांडलेले होते. जिन्याच्या टोकाला एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातातील मोबाइलचा उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर पडला होता. चित्रात माणूस एवढा एकच होता. नळ कोठेही नव्हता, एक काळा पाइप मात्र पायऱ्यांवरून खाली लोंबत होता. घोषवाक्य लिहिलेले नव्हते. आम्ही तीन परीक्षक होतो. चित्र चांगले आहे याविषयी दुमत नव्हते, परंतु गुणपत्रिकेत ‘संदेशाची स्पष्टता’ असा वीस गुणांचा रकाना होता आणि त्यात त्या चित्राला तिघांनीही कमी गुण दिले. त्या तिघांत मी होते. ते चित्र उत्तेजनार्थ पारितोषिकातही बसले नाही.

बक्षीससमारंभानंतर मी त्या मुलीला शोधून काढले आणि विचारले की, चित्रावर काही लिहिले का नाहीस? ती म्हणाली, “बाई, ‘पाणी वाचवा’ असं काय लिहू? आमच्याकडे वाचवण्याइतकं येतच नाही.” ती कळव्याच्या डोंगरउतारावरील वस्तीत राहते. तेथे पाणी पहाटे थोडा वेळ येते, दाब कमी असल्यामुळे वरच्या घरांपर्यंत चढत नाही, म्हणून आई साडेतीनला उठून जिन्यात भांड्यांची रांग लावते आणि पाइपला पाणी येण्याची वाट पाहत बसते. मुलीने काढले ते रोज पाहिलेले दृश्य होते. संदेश त्यात होता. तो वाचण्याची तयारी आम्हा परीक्षकांची नव्हती. त्या दिवसापासून मी ‘संदेशाची स्पष्टता’ हा रकाना असलेली गुणपत्रिका आयोजकांना परत करते आणि तो काढून टाकण्याची विनंती करते. काही जण ती मान्य करतात, काही करत नाहीत.

पाण्याचाच विषय निघाला आहे तर थोडे पुढे जाऊन लिहिते. ठाणे शहराला पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, शिवाय स्टेम (शहाड-टेमघर) हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घेतले जाते. खाडीपलीकडचा कळवा, मुंब्रा, दिवा हा भाग मोठ्या प्रमाणावर एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून आहे आणि दुरुस्तीसाठी तो पुरवठा बंद राहिला की या भागात दोन-दोन दिवस ओढाताण होते. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेकडे मात्र मोरबे हे स्वतःचे धरण आहे. ही माहिती काही गुप्त नाही. वर्तमानपत्रांत पाणीकपातीच्या बातमीबरोबर ती नेहमी येते. ‘पाणी’ या विषयावर चित्र काढायला सांगण्यापूर्वी मुलांना आपल्या घरातील नळाचे पाणी कोठून निघते, कोठे शुद्ध होते, कोणत्या टाकीत चढते आणि किती वाजता कोणत्या गल्लीत पोहोचते एवढे शोधून आणायला सांगितले, तर त्यांच्या चित्रांत अश्रू ढाळणारी पृथ्वी येणार नाही. त्यांत व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला येईल, गृहसंकुलाच्या दारात उभा असलेला टँकर येईल, गच्चीवरच्या काळ्या टाक्या येतील आणि जिन्यातील हंडेही येतील.

दुसरे उदाहरण रेल्वेचे आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींना जीव गमवावा लागला. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली या पट्ट्यातील प्रत्येक घरातून कोणी ना कोणी त्या गाड्यांनी जाते, त्यामुळे मुलांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला होता. पुढे एका शाळेत ‘सुरक्षित प्रवास’ या विषयावरील चित्रे पाहण्याचा योग आला. बहुतेक चित्रांवर ‘दारात लटकू नका’ असे लिहिले होते. दारात कोणी हौसेने उभे राहत नाही, आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून उभे राहतात, हे त्या मुलांना घरी ऐकून ठाऊक होते. तरीही स्पर्धेसाठी चित्र काढताना त्यांनी आपल्याच बापाला आणि भावाला दोष देणारे वाक्य लिहिले, कारण प्रबोधनचित्र म्हणजे असेच वाक्य, हे त्यांना आपण शिकवले आहे. त्या गठ्ठ्यात एक लहानसे चित्र निराळे होते. त्यात फलाटावरचे घड्याळ, त्याखाली दाटीने उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी आणि त्या पाठींवरच्या सॅका पोटाकडे वळवून धरणारे हात एवढेच होते. ते काढणाऱ्या मुलाने तीन रविवार वडिलांकडून गर्दीचे वर्णन ऐकून आणि एका सकाळी स्वतः दिवा स्थानकावर जाऊन ते रेखाटले होते.

नवी मुंबईच्या मुलांचा आवडता विषय फ्लेमिंगो हा आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. शहराच्या भिंतींवर, चौकांत, उड्डाणपुलांखाली सर्वत्र हा पक्षी रंगवलेला आहे. मुले त्याला सुंदर गुलाबी रंग देतात आणि खाली निळेशार पाणी काढतात. परंतु खाडीचे पाणी निळे नाही आणि फ्लेमिंगो येतो तो चिखलासाठी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊनच त्याला तो गुलाबी रंग येतो. भरती चढली की हे पक्षी खाडीतून उठून नेरूळ, सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांवर येऊन विसावतात. त्या जागा बुजल्या किंवा त्यांत येणारे भरतीचे पाणी अडले, तर त्यांना टेकायला ठिकाण उरत नाही. म्हणजे पक्ष्याचा प्रश्न हा चिखलाचा आणि भरती-ओहोटीच्या वाटेचा प्रश्न आहे. ज्या मुलाला हे दाखवले जाते, त्याच्या चित्रातला रंगच बदलतो. दिवाळे कोळीवाड्यातील एका मुलाचे चित्र मला आठवते. त्याने पक्षी काढलाच नव्हता. त्याने वडिलांचे उलगडलेले जाळे काढले होते. त्यात दोन निवट्या (चिखलातले छोटे मासे), एक चिंबोरी (खेकडा), आणि बाकी सगळ्या पिशव्या, बाटल्यांची झाकणे आणि एक चप्पल होती. जाळ्याच्या गाठी त्याने इतक्या अचूक काढल्या होत्या की, त्या केवळ पाहून काढता येत नाहीत, हाताने बांधलेल्या असाव्या लागतात.

चित्रकलेचा अभ्यासक्रम या कामी परका नाही, हे कलाशिक्षिका म्हणून आवर्जून सांगायला हवे. राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे आपण ज्यांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट म्हणतो त्यांत, ‘स्मरणचित्र’ हा स्वतंत्र विषय आहे. पाहिलेला प्रसंग आठवून, त्यातील माणसांच्या हालचाली आणि परिसर लक्षात घेऊन तो कागदावर उभा करणे, ही त्यामागची कल्पना. सामाजिक प्रश्नांवरील चित्रासाठी याहून योग्य पूर्वतयारी मला माहीत नाही. दुर्दैवाने इंटरमीजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात एवढ्याच कारणाने अनेक पालक मुलांना या परीक्षांना बसवतात आणि वर्ग चालवणारे बसथांबा, भाजीबाजार, बाग, रेल्वे फलाट अशी पाच-सहा स्मरणचित्रे तयार करून ती पाठ करून घेतात. स्मरणचित्र पाठ करून काढणे ही गोष्ट मला ३१ वर्षांत कधी पटली नाही. मुलाने स्वतःच्या गल्लीतील भाजीवालीला एकदा पंधरा मिनिटे उभे राहून पाहिले, तर तिच्या बसण्याची ढब, तराजू धरलेल्या हाताचा कोन, टोपलीवर टाकलेले ओले गोणपाट हे सारे त्याच्या हाताला कायमचे कळते.

महाराष्ट्रात लोकांना जागे करण्याची परंपरा कलेच्याच वाटेने आलेली आहे. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, शाहिरांचे पोवाडे, वगनाट्य, पथनाट्य अशी ती मोठी वाट आहे. मला यांत सर्वांत जवळचे वाटतात ते गाडगेबाबा. ते गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही उपदेशाचे लांब पाठ न देता समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच त्यांना पेचात पकडत. झाडताना त्यांनी त्या गावची घाण स्वतः पाहिलेली असे, म्हणून त्यांचे प्रश्न त्या गावाचे असत. चित्रकारांत चित्तप्रसाद यांचे नाव घ्यावेसे वाटते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूरच्या गावांतून पायी फिरले आणि भुकेने खंगलेल्या माणसांची काळ्या शाईची चित्रे त्यांनी समोर बसून काढली, त्यांच्याविषयी टिपणेही केली. ती चित्रे छापलेली पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त केली. पुढे त्यांचे वास्तव्य मुंबईत होते आणि बालमजुरांवरील त्यांची लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरून छापलेली, चित्रे प्रसिद्ध आहेत. लिनोकट हे माध्यम शाळेतही सहज करता येते : लिनोलियमचा तुकडा, कोरण्याची हत्यारे, छपाईची शाई आणि ती पसरवायला एक रोलर एवढे साहित्य पुरते, एका ठशातून हवे तितके कागद निघतात, आणि कोरताना अनावश्यक रेषा आपोआप गळतात. आठवी-नववीच्या मुलांकडून, शिक्षक शेजारी असताना, मी ते अनेकदा करून घेतले आहे.

आता एक दुखरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका शाळेत स्वच्छता या विषयावर मुलांनी परिसर पाहून चित्रे काढली. त्यांतील तीन-चार चित्रांत शाळेच्याच मागच्या भिंतीला लागून वाहणारा उघडा नाला होता. एका चित्रात तर नाल्यावरील फळीवरून दप्तर सांभाळत जाणारी पहिलीतली मुले होती. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून आदल्या संध्याकाळी ती चित्रे फलकावरून उतरवण्यात आली. ‘उगाच वेगळा अर्थ निघेल’ असे कारण मला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी ती मुले आपली चित्रे शोधत फलकासमोर फिरत होती आणि त्यांना काय सांगावे हे मला सुचले नाही. मुख्याध्यापकांचीही अडचण मी समजू शकते. शाळेला अनुदान, परवानग्या, तपासण्या यांसाठी ज्यांच्या दारात जावे लागते, त्यांच्यासमोर तक्रार टांगून ठेवणे सोपे नसते. परंतु मुलांना ‘समाजातील प्रश्न मांडा’ असे सांगायचे आणि मांडलेला प्रश्न जवळचा निघाला की तो खाली उतरवायचा, यातून मुले जे शिकतात ते फार वाईट असते. त्यानंतरच्या वर्षी त्याच मुलांनी अश्रू ढाळणारी पृथ्वी काढली.

जवळचे पाहून काढा, असे म्हणताना एक मर्यादाही सांभाळावी लागते आणि ती मी स्वतः एकदा ओलांडली आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील एका आदिवासी पाड्यावर मी मुलांना रेखाटनासाठी नेले होते. मुलांनी वह्या उघडून घरांची, अंगणांची चित्रे काढायला सुरुवात केली, तेव्हा एक बाई दारातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आमचं घर काढताय, पण आम्हाला विचारलं का?” आम्ही विचारले नव्हते. त्यानंतर आम्ही वह्या मिटल्या, त्यांच्याशी बोललो, त्यांनी होकार दिल्यावरच पुढचे काम झाले, आणि तयार झालेली चित्रे पुढच्या आठवड्यात मुलांनी तेथे नेऊन दाखवली. ज्याचा प्रश्न आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचे चित्र काढू नये आणि काढलेले चित्र सर्वांत आधी त्याला दाखवावे, हा नियम मी तेव्हापासून पाळते. हेच वारली चित्रशैलीबाबतही म्हणता येईल. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी जगापुढे नेलेली ही शैली ज्या समाजाची आहे, त्यात लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहिण्याचे काम सवाशिणींचे असते. आपण शहरात कोणत्याही भिंतीवर त्या आकृत्या काढून त्यांच्या हाती खराटा किंवा कचरापेटी देतो. मुलांनी ही शैली जरूर शिकावी, पण ती कोणाची आहे आणि तिच्या आकृत्यांतील त्रिकोणांचा आणि चौकाचा अर्थ काय, हे जाणून शिकावी.

साहित्याविषयी थोडक्यात लिहिते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. तरी पर्यावरणाचा संदेश देणारे फलक आजही फ्लेक्सवर छापले जातात आणि दोन दिवसांत कचऱ्यात जातात. चित्रे कागदावर, पुठ्ठ्यावर, जुन्या चादरींवर करावीत. भिंती रंगवायच्या असतील तर मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधासाठीच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हे मुलांनाही सांगावे. शाळेतले पोस्टर कलर भिंतीवर लावले तर आपल्याकडच्या पहिल्याच पावसात ते ओघळतात. भिंत खरवडून, प्रायमर देऊन, बाहेरच्या भिंतींसाठीचा ॲक्रिलिक रंग वापरला आणि हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत केले, तरच ते चार पावसाळे टिकते.

माझी मुख्य मागणी आता मांडते. नागरिक जेव्हा महापालिकेच्या कार्यालयात अर्ज देतो, तेव्हा त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का बसतो. त्या शिक्क्यामुळे प्रश्न लगेच सुटतो असे नाही, परंतु आपले म्हणणे कोणाच्या तरी टेबलावर पोहोचले, याची ती नोंद असते आणि तिच्या आधारे पुढे विचारणा करता येते. मुलांच्या चित्रांना तसाच आवक क्रमांक मिळावा. ज्या महापालिका, जे शासकीय विभाग आणि ज्या संस्था सामाजिक विषयांवर मुलांकडून चित्रे मागवतात, त्यांनी ती मागवताना एवढे मान्य करावे की, एखाद्या चित्रात विशिष्ट ठिकाणचा विशिष्ट प्रश्न दिसत असेल, तर ते चित्र संबंधित विभागाकडे अर्ज म्हणून पाठवले जाईल. ठाण्यात प्रभाग समित्यांची कार्यालये आहेत, नवी मुंबईत विभाग कार्यालये आहेत. तेथवर चित्राची एक प्रत जाण्यास फारसा खर्च येत नाही. प्रदर्शनात त्या चित्राखाली मुलाच्या नावाऐवजी हवा तर केवळ इयत्तेचा उल्लेख असावा, म्हणजे मुलावर किंवा त्याच्या घरावर कोणाचा रोष ओढवणार नाही, आणि शेजारी एक कोरा कागद असावा, ज्यावर पाणीपुरवठा, घनकचरा, उद्यान किंवा शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहावे. ‘हे काम अमुक कारणाने अडले आहे’ असे उत्तर असले तरी चालेल. मुलांना खोटे आश्वासन लगेच ओळखता येते आणि खरी अडचण समजूनही घेता येते.

त्यासाठी विषय किमान महिनाभर आधी द्यावा, चित्रासोबत मुलाची रेखाटनवही पाहावी, घोषवाक्याची सक्ती काढून टाकावी. प्रदर्शन एका दिवसाच्या समारंभापुरते न ठेवता कापूरबावडीच्या कलाभवनात किंवा बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये निदान दोन आठवडे राहावे, आणि त्यातील काही चित्रे ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस या उन्नत पुलावर, वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या आवारात, तलावपाळीच्या कट्ट्याजवळ लावावीत, म्हणजे ज्यांच्या रोजच्या जगण्याविषयी ती आहेत ती माणसे जाता-येता ती पाहतील. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांकडूनही अपेक्षा तीच आहे. त्यांची पथनाट्ये आवेशपूर्ण असतात, पण संहिता वर्षानुवर्षे त्याच फिरत राहतात. एका पथनाट्यासाठी एका वस्तीत चार संध्याकाळी बसून तेथील लोकांचे ऐकले, तर संवाद नव्याने लिहावे लागतील.

आठवीतील त्या मुलीचे जिन्याचे चित्र तिच्या संमतीने माझ्याकडे आहे. ती आता दहावीत आहे आणि पाणी अजूनही पहाटेच येते. पुढील सोमवारी ती, तिची आई आणि मी असे तिघी ते चित्र घेऊन प्रभाग समितीच्या कार्यालयात जाणार आहोत. नियमाप्रमाणे सोबत लेखी अर्ज हवा, म्हणून तो तिने स्वतः लिहिला आहे. अर्जात गल्लीचे नाव, पाणी येण्याची वेळ आणि वरच्या घरांची संख्या आहे, आणि विषयाच्या ओळीत तिने लिहिले आहे, ‘सोबतच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे’.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
कळवा, ठाणे